देव, कच्चा लिंबू आणि टाइम प्लीज

(आपल्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे नीटनेटके केले आहे.)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू त्या खेळाविषयी बोल." मी म्हटलं, "अरे, बाकीचे कंपनी, परदेश, मुलांचं शिक्षण यावर बोलणार आणि मी खेळावर?" तर म्हणाला, "तू अडीच वर्षं देव होतास. आपल्या बॅचमध्ये एवढ्या वर दुसरं कोणी पोचलेलं नाही."

आता चिंचवडला माणसाला देव म्हणण्यात नवल नाही. मोरया गोसावींच्या घराण्याचं आडनावच देव. पण त्यांच्यामागे तपश्चर्या होती. मला देवपण मिळालं ते लॉकडाउनमध्ये माझ्याकडे चालू स्थितीतला लॅपटॉप होता म्हणून. त्या देवपणात माझ्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या. दोन्ही आपल्याच वर्गातल्या माणसांच्या बाबतीत झाल्या. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे. दोघांचीही परवानगी घेतली आहे, नावं घेणार नाही. कोणाला ओळखू आलंच, तर कृपा करून ओळख दाखवू नका.

पण आधी एक आठवण. नववीत आपण स्नेहसंमेलनात द्यूतसभेचा प्रवेश केला होता. विदुर झालेला आपला मित्र भर सभेत वाक्य विसरला. मी विंगेत पडदा ओढायला उभा होतो आणि माझ्या शेजारी मराठीच्या बाई, हातात संहिता घेऊन. मी पाहिलं, त्यांचं बोट नेमकं त्याच वाक्यावर होतं. पण त्या बोलल्या नाहीत. मागच्या रांगेतून शिट्टी आली, तरी नाही. शेवटी विदुरच बोलला, संहितेत नसलेलं वाक्य. "महाराज, या सभेत माझ्यासारख्याला शब्द सापडत नाहीत, यातच सगळं आलं." काय टाळ्या पडल्या होत्या!

त्यानंतर पाचच मिनिटांत हस्तिनापूरचा राजवाडा, म्हणजे चित्रकलेच्या सरांनी रंगवलेलं ते प्लायवूड, द्रौपदीच्या मागून कलायला लागलं. पीटीचे सर पांढरे बूट, गळ्यात शिट्टी अशा वेशात सरळ स्टेजवर गेले, राजवाडा खांद्यावर घेतला आणि पडदा पडेपर्यंत धृतराष्ट्राच्या शेजारी उभे राहिले. अख्खं सभागृह हसत होतं. सरांचा चेहरा मात्र भीष्मांपेक्षा गंभीर.

नंतर मी बाईंना विचारलं होतं, "तुम्ही त्याला वाक्य का सांगितलं नाही?" बाई म्हणाल्या, "तो शोधत होता. शोधणाऱ्याला सांगायचं नसतं." मी म्हटलं, "मग सर का गेले स्टेजवर?" बाई म्हणाल्या, "अरे, पोरीच्या डोक्यात पडलं असतं ते!"

एवढं उत्तर मला तेव्हाच नीट कळलं असतं, तर आजचं भाषण वाचलं असतं.

आता खेळाविषयी. सर आणि बाईंसाठी थोडं सांगतो, बाकीच्यांनी सहन करा. हल्ली मुलं ज्याला रोलप्ले म्हणतात, त्याची कल्पना आपल्याला नवी नाही. माझे वडील कुडाळ तालुक्यातले. भोसरीत कामाला आले आणि इथलेच झाले, पण जत्रेला आम्हाला गावी न्यायचे. तिथे रात्री दशावतार. एक बाकडं, एक पेटी, मृदंग, झांज. त्या बाकड्याचंच सिंहासन, त्याचाच पर्वत. कथानक ठरलेलं, पण संवाद लिहिलेले नसतात. नट उभा राहतो आणि त्या पात्राच्या तोंडून जे निघेल ते बोलतो. समोरच्याने काय बोलायचं, हे समोरच्याने ठरवायचं. रोलप्ले म्हणजे हेच, फक्त पहाटे दहीकाला होत नाही.

अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, आणि एकाने पात्र न घेता जग चालवायचं. पाऊस पडला का, दार उघडलं का, फाशाने काय ठरवलं, हे त्याने सांगायचं. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी असाच खेळ कॉम्प्युटरवर आणला. तेव्हापासून या जगांना चालक लागतो. कुठे त्याला जादूगार म्हणतात, कुठे अ‍ॅडमिन. आज आपल्या घरातली मुलं जीटीएच्या रोलप्ले सर्व्हरवर पोलीस, टॅक्सीवाला, डॉक्टर होऊन फिरतात, तिथेही अ‍ॅडमिन असतोच. त्याच्या हातात सगळं असतं. कोणाला पैसे द्यावे, कोणाला जिवंत करावं, कोणाला जगाबाहेर फेकावं. म्हणून पोरं त्याला गमतीने देव म्हणतात.

२०२० च्या एप्रिलमध्ये सगळे घरात अडकलो होतो. चाकणचे प्लांट बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ज्या तळेगाव चौकात एरवी कंपनीची बस अर्धा तास हलत नाही, तिथून म्हणे कुत्री निवांत चालत होती. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर सकाळी काढ्याची कृती आणि रात्री वाईट बातम्या, एवढंच चालू होतं. तेव्हा आम्ही चौदा जणांनी डिस्कॉर्डवर एक गाव वसवलं. त्याला नावही दिलं नाही, नुसतं 'गाव'. काळ साधारण शंभर वर्षांपूर्वीचा. कोणी पाटील, कोणी सावकार, कोणी पोस्टमास्तर, कोणी शाळामास्तर, कोणी सुईण. रोज रात्री साडेनऊला जमायचं आणि आपापल्या पात्राच्या तोंडून लिहायचं, कधी बोलायचं. पीक किती आलं, हे फाशाने ठरायचं. पाऊस, बाजारभाव, साथ, जत्रा माझ्याकडे. मी देव.

पहिले दोन महिने माझं काम म्हणजे पाऊस पाडणं आणि भांडणं मिटवणं. "मी आधी विहिरीवर पोचलो." "नाही, मी." वर्गात खडूवरून भांडणारे हेच लोक पस्तिशीकडे आल्यावर खोट्या विहिरीवरून भांडत होते. मजा होती.

आता पहिली चूक.

आपल्या एका मित्राने भुसार दुकानदाराचं पात्र घेतलं होतं. हुशार पात्र. त्याने सावकाराकडून जमीन गहाण ठेवून पैसे उचलले आणि ज्वारी साठवली. भाव चढेल हा अंदाज. त्याने खरोखर वहीत हिशेब मांडला होता, नंतर मला दाखवला. पण फासे असे पडले की सगळ्या गावात ज्वारी उदंड पिकली. भाव कोसळला. दुकान गेलं, जमीन जाणार.

त्याच आठवड्यात, खऱ्या जगात, त्याची नोकरी गेली. चाकणजवळच्या एका छोट्या कारखान्यात तो होता. मोठ्या कंपनीची ऑर्डर थांबली, तशी यांची दारं बंद झाली. त्याने ग्रुपवर काही सांगितलं नव्हतं. मला दुसऱ्याकडून कळलं.

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटल्यावर देव जे करतो ते मी केलं. त्या रात्री मी जाहीर केलं की दुकानदाराच्या परसात चुलीखाली मोहरांचा हंडा सापडला. सगळे खूश. कोणी पेढे वाटले, पाटलाने सत्कार ठेवला. दुकानदार काहीच लिहीना. 'जागेवर नसेल' म्हणून मी खेळ पुढे नेला.

रात्री बाराला त्याचा फोन आला. पहिलंच वाक्य, "तू मला कच्चा लिंबू केलंस."

आपल्या सगळ्यांना माहीत आहे कच्चा लिंबू म्हणजे काय. लपाछपीत धाकट्या भावाला घ्यायचं, कारण आईने सांगितलंय. तो आऊट झाला तरी आऊट नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. सगळे त्याच्याशी गोड वागतात आणि कोणी त्याला मोजत नाही.

तो पुढे म्हणाला, आणि हे मी जवळजवळ त्याच्याच शब्दांत सांगतो, "बाहेर माझ्या हातात काही नाही. कारखाना बंद पडला तो माझ्या चुकीने नाही. उद्या उघडला तर तोही माझ्या कर्तबगारीने नाही. या तुझ्या गावात मी बुडालो, ते माझ्या हिशेबाने बुडालो होतो. आणि उद्यापासून सावकाराशी कसं बोलायचं, कुठल्या वाटेने वर यायचं, हे दिवसभर डोक्यात घोळवत होतो. तेवढं एक माझं होतं. तेही तू काढून घेतलंस."

मी गप्प. काय बोलणार? मी त्याला मोहरा दिल्या होत्या आणि त्याने मला हिशेब दाखवला की मी त्याचं काय नेलं.

रोलप्ले खेळणारी मुलं 'मेटागेमिंग' हा शब्द वापरतात. बाहेर कळलेली गोष्ट आत वापरणं. माझा खेळाडू दरवाजामागे काय आहे हे जाणत नसेल, तर मी मित्राच्या स्क्रीनवर बघून ते आत वापरू नये, असा साधा नियम. खेळाडूंना हा नियम मीच शिकवला होता. आणि तो सगळ्यात मोठ्या प्रमाणावर देवानेच मोडला. बाहेरच्या नोकरीची बातमी घेऊन मी आतल्या चुलीखाली हंडा पुरला.

त्याहून वाईट म्हणजे, मला बाहेर करता येण्यासारखं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. मी त्याला फोन करायला हवा होता. "कसा आहेस, ऐकलं ते खरं का, बायोडेटा पाठव, आमच्याकडे विचारतो." मित्र म्हणून करायचं काम अवघड होतं, तोंडातून शब्द काढावे लागले असते. देव म्हणून दोन ओळी टाइप करणं सोपं होतं. मी सोपं केलं.

त्या दुकानदाराने पुढे काय केलं माहीत आहे? दुसऱ्या रात्री तो चावडीवर आला, हंडा पाटलापुढे ठेवला आणि म्हणाला, "यातून गावाला विहीर खणा." आणि पुन्हा कर्जबाजारी होऊन घरी गेला. गावात फार काळ ती विहीर 'दुकानदाराची विहीर' म्हणून ओळखली जायची. त्यानंतर चार महिन्यांनी त्याने गावातलं दुकान परत उभं केलं, स्वतःच्या डोक्याने. आणि दिवाळीनंतर त्याला बाहेरही नोकरी मिळाली, तीही माझ्यामुळे नाही.

आता दुसरी चूक. ही सांगायला जड जाते.

हंड्याच्या प्रकरणाने मी असा पोळलो की ठरवून टाकलं, आता देव मध्ये पडणार नाही. जे होईल ते खेळात होईल, खेळातच सुटेल. बोधवाक्य करून ग्रुपवर चिकटवलं. मला वाटलं, मी शहाणा झालो.

आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीने सुईणीचं पात्र घेतलं होतं. अप्रतिम खेळायची. तिच्या पात्राच्या मागे आपल्यातल्याच एकाचं पात्र लागलं. आधी चेष्टा, मग वाटेत अडवणं, मग असं लिहिणं की तिच्या पात्राला उत्तर द्यायला जागाच राहू नये. 'ती घाबरून थांबली', 'तिने मान खाली घातली', हे तो लिहायचा. तिच्या पात्राने काय केलं हे तोच ठरवायचा. तिने दोनदा खेळातूनच त्याला झटकलं. तिसऱ्यांदा तिने मला वेगळा मेसेज केला, "हे थांबवशील का?"

मी काय उत्तर दिलं असेल? मी लिहिलं, "गावात पाटील आहे, पंचायत आहे. खेळातूनच मार्ग काढ ना. मी मध्ये पडलो तर खेळ राहत नाही."

ती त्या रात्री गेली. ग्रुपवरून नाही, नुसती गावातून. कोणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मीच जाहीर केलं की सुईण तीर्थयात्रेला गेली. केवढी सोय असते बघा देवाला.

तिला फोन करायला मला आठ महिने लागले. ती रागावलेली नव्हती, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाली, "मला त्याला शिक्षा नको होती. कोणीतरी 'थांब' एवढं म्हणायला हवं होतं. तू मला पंचायतीकडे पाठवलंस. अरे, छेड काढली जात होती ती सुईणीची नव्हती. माझी होती."

आणि ज्याने ते केलं, त्यालाही मी नंतर विचारलं. तो सुरुवातीला म्हणाला, "पात्र बोलत होतं, मी नाही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तू तेव्हा एकदा टोकलं असतंस ना, तर मी थांबलो असतो. कोणी काही म्हणेना, म्हणून मला वाटलं सगळ्यांना चालतंय." त्याने तिची माफी मागितली आहे. ती आज इथे आहे, तोही आहे. पण ती गावात परत आली नाही. दोन वर्षं आमच्या गावाला सुईण नव्हती, आणि त्या जागी मी दुसऱ्या कोणाला बसू दिलं नाही.

मित्रांनो, या दोन चुका एकमेकींच्या उलट वाटतात. एकदा नको तिथे गेलो, एकदा हवं तिथे गेलो नाही. मला बरेच दिवस वाटायचं की मधलं काहीतरी माप असेल, थोडं पडायचं, थोडं नाही. आता तसं वाटत नाही. दोन्ही वेळा चूक एकच होती. पात्राचं नुकसान आणि माणसाचं नुकसान यातला फरक मी पाहिला नाही. दुकानदाराचं नुकसान पात्राचं होतं, तिथे मी धावलो. सुईणीचं नुकसान माणसाचं होतं, तिथे मी तत्त्व सांगत बसलो.

मी प्रेस शॉपमध्ये काम करतो. आमच्याकडे पॉवर प्रेसच्या तोंडाशी लाईट कर्टन असतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या रेषा. ऑपरेटरचा हात त्या रेषेत गेला की प्रेस जागच्या जागी थांबतं. या पट्ट्यात प्रेसवर बोटं गमावलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, कोणाच्या घरात, कोणाच्या शेजारी. त्यामुळे त्या रेषेची किंमत वेगळी सांगायला नको. पण गंमत अशी की लाईट कर्टनला पार्ट चांगला आला की वाईट, हे कळत नाही. क्रॅक येऊ दे, बर येऊ दे, अख्खा लॉट रिजेक्ट होऊ दे, ते थांबत नाही. ते बघायला ऑपरेटर आहे, क्वालिटीवाले आहेत. त्याला फक्त हात कळतो.

आणि त्याची आणखी एक गोष्ट. जे लाईट कर्टन धुळीने, तेलाच्या थेंबाने विनाकारण सारखं ट्रिप होतं, त्याला लोक कंटाळून बायपास करायला बघतात. मग ज्या दिवशी खरोखर हात जातो, त्या दिवशी ते नसतं. ऊठसूट मध्ये पडणाऱ्या देवाचंही तेच होतं. हंडा पुरणाऱ्या देवाला लोक हसतात आणि मग तो 'थांब' म्हणाला तरी कोणी थांबत नाही.

हा प्रश्न आमच्या चौदा जणांच्या गावालाच पडला असं नाही. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये 'लॅम्डामू' नावाचं एक जग सुरू केलं. चित्र नाही, सगळं शब्दांत, आमच्या गावासारखंच. तिथल्या देवांना जादूगार म्हणायचे. लोकांची भांडणं सोडवून ते थकले आणि १९९२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे आम्ही फक्त यंत्र चालू ठेवू, समाजाचे निर्णय तुम्ही घ्या. थोडक्यात, माझंच बोधवाक्य.

१९९३ मध्ये तिथे 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्राने एक प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांकडून त्यांच्या इच्छेविरुद्ध किळसवाण्या गोष्टी होत असल्याचं सगळ्यांच्या पडद्यावर उमटवलं. ज्यांची पात्रं होती, ती माणसं खरोखर हादरली. मोठी सभा झाली, तासन् तास चर्चा झाली, निर्णय झाला नाही. शेवटी एका जादूगाराने एकट्यानेच ते पात्र पुसून टाकलं. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्यावर लिहिलेला लेख पुढे जगभर वाचला गेला. मग कर्टिस यांनी खेळाडूंसाठी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. पण १९९६ मध्ये जादूगारांनी कबूल केलं की नुसतं यंत्र चालवणं शक्य होत नाही, कारण यंत्र चालवण्याच्या प्रत्येक निर्णयात कोणाच्या तरी बाजूचं काहीतरी असतंच.

मला यातून हे कळलं की 'मी मध्ये पडत नाही' हीसुद्धा एक कृती आहे. ज्याच्या हातात बटण आहे, त्याने ते दाबलं नाही, तर तेही त्यानेच केलेलं असतं.

आणि हे शिकायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नव्हती. आपण नववीत केलेला प्रवेशच बघा. द्यूतसभेत फासे पडत होते तेव्हा कृष्ण आला नाही. त्याने फासे उलटवले नाहीत. राज्य गेलं, भाऊ गेले, तो आला नाही. पुढचा वनवासही त्याने टाळला नाही. आपण लहानपणापासून ऐकलेल्या कथेत तो आला तो फक्त वस्त्राला हात पडला तेव्हा. डावात हरणं हे डावातलं आहे. भर सभेत एका बाईची विटंबना हे डावातलं नाही, कोणीही कितीही नियम सांगो.

संस्कृतच्या सरांना हे भाषण मी आधी ऐकवलं, तर त्यांनी लगेच पकडलं. म्हणाले, "वनपर्व वाच. तिथे कृष्ण म्हणतो, मी द्वारकेत असतो तर न बोलावताही सभेत आलो असतो आणि द्यूत होऊच दिलं नसतं." मी वाचलं. सरांचं बरोबर आहे, नेहमीप्रमाणे. आणि त्याने माझं म्हणणं मोडत नाही, पुरं होतं. देवाचं खरं काम डाव चालू असताना कमी आणि डाव मांडण्याआधी जास्त आहे. कपटी फासे पटावर येऊ नयेत, कोणी माणसालाच पणाला लावू नये, हे आधी ठरवायचं. आम्ही काहीच ठरवलं नव्हतं. ज्वारीचा भाव कसा ठरेल यावर दोन पानं नियम होते, माणसांनी माणसांशी कसं वागावं यावर एक ओळ नव्हती.

मग आम्ही नियम केले. चारच. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात मुलं असे खेळ खेळतात, किंवा जे स्वतः कुठे ना कुठे देव झाले आहेत, म्हणजे सोसायटीचे चेअरमन, लाईनचे सुपरवायझर, आईवडील, त्यांना उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिला, फासा पडला तो पडला. देव नफानुकसान बदलणार नाही, दयेपोटीही नाही.

दुसरा, आपल्या पात्राचं काय झालं ते आपणच लिहायचं. दुसऱ्याच्या पात्राने काय केलं, त्याला काय वाटलं, हे लिहायचा अधिकार कोणाला नाही. देवालाही नाही.

तिसरा, टाइम प्लीज. हा सगळ्यात महत्त्वाचा. आठवतंय ना, पळापळीत दम लागला, बूट सुटला, पायाला लागलं की मुठीवर अंगठा काढून 'टाइम प्लीज' म्हणायचं? आणि कितीही जोरात डाव असला तरी समोरचा थांबायचा. कारण विचारायचा नाही. जो टाइम प्लीज मानायचा नाही, त्याला पुढच्या डावात कोणी घ्यायचं नाही. प्राधिकरणाच्या मैदानावर आपण सातव्या वर्षी हा नियम पाळत होतो. तिसाव्या वर्षी विसरलो. आता गावात कोणीही 'टाइम प्लीज' लिहिलं की सगळे थांबतात आणि देव त्याला आधी माणूस म्हणून विचारतो, काय झालं.

चौथा, देव बदलता. दर दोन महिन्यांनी नवा. आणि देवाने जे केलं ते का केलं, हे चावडीवर सगळ्यांसमोर लिहायचं. हंडा पुरायचा असेल तर कारण लिही. मला तेव्हा कारण लिहावं लागलं असतं, 'मित्राची नोकरी गेली म्हणून', तर माझा हात तिथेच थांबला असता.

कच्चा लिंबू आणि टाइम प्लीज, हे दोन्ही नियम आपल्याला शाळेत घालण्याआधीपासून येत होते. दोघांतही खेळ थोडा वाकवला जातो. पण कच्चा लिंबू दुसरे आपल्याला करतात, न विचारता. टाइम प्लीज आपण स्वतः म्हणतो. मला वाटतं, मदत म्हणून कोणाच्या आयुष्यात शिरण्याआधी एवढं तपासून घ्यावं, की आपण त्याला कच्चा लिंबू करतोय की त्याच्या टाइम प्लीजला थांबतोय.

माझी मुलगी आता सात वर्षांची आहे. परवा सोसायटीत तिच्यावर सलग चार वेळा राज्य आलं. रडवेली झाली होती. मी बाकावरून उठलो, आणि मला बाईंचं ते संहितेवरचं बोट आठवलं. परत बसलो. पाचव्या वेळी तिने एकाला पकडलं. त्यानंतर दहा मिनिटांनी एका मोठ्या मुलाने तिचा हात पिरगळला. तिने अंगठा दाखवला, तो थांबला नाही. तेव्हा मात्र मी भर डावात गेलो, चपला न घालता. मुलं माझ्याकडे बघून हसली. पीटीच्या सरांना बघून आपण हसलो होतो, तशीच.

बाई, सर, तुम्ही दोघांनी मला हे एकाच दिवशी, एकाच स्टेजवर शिकवलं होतं. समजायला मला वीस वर्षं लागली, आणि त्याची किंमत माझ्या दोन मित्रांनी भरली. दोघंही आज समोर बसलेत आणि तरीही माझ्याशी बोलतात, हे माझं नशीब. गाव अजून चालू आहे, रविवारी रात्री साडेनऊला. सध्याचा देव आपला तो भुसार दुकानदार आहे. फार कडक आहे, मला गेल्या महिन्यात दुष्काळात सोडून गेला. सुईणीची जागा अजून रिकामी आहे. ती तशीच राहील, जोवर जिची आहे ती स्वतः नको म्हणत नाही.

एवढं बोलून थांबतो. जेवण तयार आहे असं मागून खुणावतायत. टाइम प्लीज.